पुस्तकाला कान

१२ जानेवारी

चि. टकळीस,

मामाचे पिंपभर आशीर्वाद.

आधी सगळ्यांची खबरबात. ताईचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? तिला म्हणावं, सांधा कुरकुरला की त्याला आराम द्यायचा, मग तो पाईपाचा असो की माणसाचा. जावईबापूंचा बसलेला घसा सुटला का? त्यांच्या वर्गातली पोरं त्या आठवड्यात भलतीच खूश असतील. छोटीचा पुढचा दात पडला होता, नवा डोकावला का? आणि तू चष्म्याचा नंबर तपासून घेतलास, की त्या ग्रंथालयाच्या धुळीत तशीच डोळे बारीक करून बसतेस? इकडे मामीची सर्दी पाहुण्यासारखी येऊन-जाऊन असते. माझी पाठ वाकते, मोडत नाही.

आता मुद्द्याचं. हे फोनवर सांगता आलं असतं, पण दुकानात फोनवर बोललं की अर्धी गल्ली ऐकते, आणि ही गोष्ट अजून मामीखेरीज कुणाला माहीत नाही. ताईलाही सांगू नकोस. ती काळजीनं दुसराही गुडघा धरून बसेल.

हॉस्पिटलची इमारत नवी होती तेव्हापासून तिथल्या पाण्याचं सगळं काम मी बघतो, हे तुला ठाऊक आहे. कुठल्या भिंतीत कुठला पाईप कुठं वळतो ते डोळे मिटून सांगेन. आता तिथं नव्या व्यवस्थापक बाई आल्यात. फार अदबीनं बोलतात. मला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाल्या, "काका, तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. पण नियम बदललाय. कामावर सही करणाऱ्याकडे प्रमाणपत्र हवं. जूनपर्यंत मिळवलंत तर काम तुमचंच. नाहीतर मला बाहेरची कंपनी बोलवावी लागेल."

चहा चांगला होता, पण घशाखाली उतरेना. पोटाचं म्हणशील तर दुकान आहे, तोट्या आणि वॉशर विकून दोन माणसांचं भागतं. पण टकळे, ते हॉस्पिटल माझं आहे गं. तिथं चौथ्या मजल्यावर नळ ठिबकला तर मला घरी चैन पडत नाही.

प्रमाणपत्राची परीक्षा मे महिन्यात आहे. गंमत म्हणजे पुस्तक जवळ ठेवून, उघडून लिहायची. मामी म्हणाली, "मग नापास होतं तरी कोण?" चौकशी केली तर कळलं, पुष्कळ जण होतात! मग पुस्तक आणलं. विटेएवढं आहे. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. पुढचं वाचन दुकानांच्या पाट्यांवरून आणि तोट्यांच्या खोक्यांवरून शिकलो. त्यामुळे सगळंच पाटीसारखं वाचतो. एक शब्द, थांबा, दुसरा शब्द.

तू दिवसभर पुस्तकांत असतेस. असल्या पुस्तकाला हात कुठून घालायचा तेवढं सांग.

तुझा,
मामा


२० जानेवारी

प्रिय मामा,

तुला साष्टांग नमस्कार आणि मामीला त्याहून मोठा.

आईचा गुडघा बरा आहे, जिन्यावरचं कुरकुरणं आता ती स्वतः करते. ह्यांचा घसा सुटला, पोरांचं दुर्दैव. छोटीचा दात अर्धा आलाय आणि ती तो येईल-जाईल त्याला दाखवते. माझा नंबर वाढलाय. झालं?

आता ऐक. लोक नापास का होतात सांगू? पुस्तक जवळ असणार म्हणून ते आधी उघडतच नाहीत. तिथं बसल्यावर शोधायला लागतात आणि वेळ संपतो. अशा परीक्षेत पाठांतर लागत नाही, पत्ता लागतो. कुठली गोष्ट कुठं राहते एवढं कळलं की झालं. तुला हॉस्पिटलचे पाईप माहीत आहेत ना, अगदी तसं.

म्हणून सगळ्यात आधी पुस्तकाला कान लाव. आमच्याकडे परीक्षेची मुलं येतात, त्यांना मी पहिलं हेच सांगते. कान न लावता गेलेला माणूस ऐन वेळी नुसता पानं उलटत बसतो. प्रत्येक प्रकरणाला लाव, घाई करू नकोस.

आणि एक. परीक्षेत सुटा कागद चालत नाही. जे टिपायचं ते पुस्तकातच, समासात लिही.

काउंटरवर रांग लागलीय, म्हणून थोडक्यात. तू पास होणार आहेस.

तुझी टकळी


११ फेब्रुवारी

चि. टकळे,

आशीर्वाद. छोटीला सांग, दात पूर्ण आला की मला चित्र काढून पाठव.

तू सांगितलंस तसं कान लावायला घेतलं. संध्याकाळी दुकान बंद केलं की मी आणि मामी स्वयंपाकघरात बसतो आणि तेच काम. मामीची फार मदत आहे, मला एकट्याला हे जन्मात जमलं नसतं. पहिली काही प्रकरणं लावून झाली. परवा टाकी भरून वाहू नये म्हणून काय करावं, ते प्रकरण चाललं होतं. दोघांचाही जीव त्यात असा गुंतला की मागं दूध उतू गेलं! ओट्यावरून थेट पुस्तकावर. पान पुसून, पंख्याखाली वाळवून घेतलं, पण डाग राहिला तो राहिलाच. मामी म्हणते, धडा कळला की नाही ते पुस्तकानं तपासून घेतलं.

पण टकळे, ही भाषा कुणाची गं? आयुष्यभर मी पाईप आडवे घातले आणि उभे घातले. इथं ते क्षैतिज आणि अनुलंब निघाले. हवेच्या पाईपाला म्हणे संवातन नलिका. पाणी उलटं फिरू नये म्हणून आपण व्हॉल्व्ह बसवतो ना, तो प्रतिप्रवाहरोधी झडप. हे नाव घेईपर्यंत पाणी उलटं फिरून घरात येईल. आणि जलमुद्रा! मला वाटलं पाण्यावर मारायचा सरकारी शिक्का असेल. तर ते बेसिनखालच्या वळणात जे घोटभर पाणी साचून राहतं आणि घाण वास अडवतं, ते. त्या बिचाऱ्याला एवढं मोठं नाव आहे हे त्यालाही ठाऊक नसेल.

अडचण अशी की प्रश्न ह्याच भाषेत येणार. काय करू?

तुझा,
मामा


२० फेब्रुवारी

प्रिय मामा,

जलमुद्रा वाचून आम्ही सगळे हसलो. (आईला मी काही सांगितलं नव्हतं, पण तिनं पाकीट उघडलं. गुडघा धरला नाही, उलट "माझा भाऊ आहे तो" म्हणाली.)

शब्दांना उपाय सोपा आहे. पुस्तकातला अवघड शब्द जिथं येईल तिथं समासात तुझा शब्द लिही. संवातन नलिकेशेजारी "हवेचा पाईप". शेवटच्या कोऱ्या पानांवर तुझ्या भाषेतली यादी कर आणि पुढं पुस्तकाचा शब्द लिही. पुस्तकाला तुझी भाषा शिकव.

मामी कान लावायला बसते हे फार आवडलं. फक्त रंग वेगवेगळे ठेवा. मनाईचे नियम एका रंगात, मापं दुसऱ्या, दुरुस्तीचं तिसऱ्या. म्हणजे ऐन वेळी क्षणात ओळख पटते. आणि फार दाट लावू नका. सगळंच महत्त्वाचं ठरवलं की काहीच सापडत नाही.

तुझी टकळी


१८ मार्च

चि. टकळे,

आशीर्वाद. ताईला म्हणावं, भाऊ तिचा आहे हे खरं, पण डोकंही तिच्याकडेच राहिलं.

तुझा रंगांचा सल्ला मला आधी कळेना. मामीला लगेच कळला. म्हणाली, "अहो, आवाजाचे रंग!" आणि तेव्हापासून घरात नाटक कंपनी आली आहे. मनाईचे नियम ती माझ्या आईच्या आवाजात वाचते. "पिण्याच्या पाण्याची नलिका सांडपाण्याच्या नलिकेस कदापि जोडू नये!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी स्टुलावरून उठून उभाच राहिलो, आणि काही केलेलं नसताना "नाही जोडणार" म्हणालो. मापं ती पाढ्यांच्या चालीत म्हणते. दुरुस्तीचं प्रकरण असलं की हॉस्पिटलातल्या त्या मोठ्या सिस्टरसारखा मऊ आवाज काढते, काही दुखणार नाही असा.

आणि दाट लावू नका म्हणालीस, तेही पाळतो. पूर्वी सलग कान लावून बसायचो. आता मामी दोन परिच्छेद वाचते, मग थांबते. मी भाजी निवडता निवडता ऐकलेलं जिरू देतो आणि मग समासात लिहितो. संवातनाच्या प्रकरणाला मात्र फार वेळ लागला. मामीला सर्दी, आणि "संवातन" शब्द आला की नेमकी शिंक. संवा... आणि फटाक! सलग तीन संध्याकाळी तेच. शेवटी मी समासात लिहून ठेवलं, "इथं शिंक."

खरं सांगू? कान लाव हे तू सांगितलं नसतंस तर मी डोळ्यांनीच झटत बसलो असतो. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत तिची सुरुवात विसरायचो. कानानं कसं सरळ आत जातं.

तुझा,
मामा

ता. क. टकळे, मी मामी. हे पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून दोन ओळी. हे हसतात, मलाही हसवतात. पण परवा ह्यांनी मोठा पाना तेल लावून फडक्यात गुंडाळला आणि माळ्यावर ठेवून दिला. विचारलं तर म्हणाले, गंज चढू नये म्हणून. रोज हातात असलेल्या पान्याला गंज कुठून चढणार? तू काहीतरी धीराचं लिही. मी सांगितलं असं लिहू नकोस.


२६ मार्च

प्रिय मामा,

अरे देवा! अरे मामा!

तुझं पत्र मी काउंटरवर वाचलं आणि इतक्या मोठ्यानं हसले की एका आजोबांनी मलाच "शांतता राखा"ची पाटी बोटानं दाखवली. मग हसता हसता परीक्षा जवळ आल्याचं आठवलं. आता नीट वाच, मामीला वाचायला लाव, हव्या त्या आवाजात.

कान म्हणजे ऐकायचे कान नाहीत रे! कान म्हणजे पानाच्या कडेला चिकटवायच्या कागदाच्या रंगीत पट्ट्या. पुस्तक मिटलं तरी त्या बाहेर डोकावतात, त्यांच्यावर प्रकरणाचं नाव लिहायचं, आणि पट्टी धरून पान उघडायचं. आमच्या ग्रंथालयात सगळे त्यांना कान म्हणतात. सगळं जग म्हणत नाही हे माझ्या ध्यानातच आलं नाही. दाट लावू नका म्हणजे पट्ट्यांची गर्दी करू नका. आणि रंग म्हणजे रंग! पिवळा, हिरवा, लाल!

चूक माझी आहे. पण अजून वेळ आहे. सोबत पट्ट्यांची पाकिटं पाठवतेय, आम्ही इथं वापरतो तीच. आजपासून लावायला घे.

आणि मामा, हॉस्पिटलाला तुझ्याइतकं ओळखणारी कंपनी अजून निघालेली नाही. हत्यारं हाताशी ठेव.

तुझी टकळी


२० एप्रिल

चि. टकळे,

आशीर्वाद.

पट्ट्या मिळाल्या. तुझं पत्र मामीनं माझ्या आईच्या आवाजात वाचलं, त्यामुळे बोलणी दुप्पट बसली. मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि असे हसलो की शेजारी विचारायला आले, काय झालं म्हणून.

सगळ्या पट्ट्या लावून झाल्या. लाल मनाईला, पिवळ्या मापांना, हिरव्या दुरुस्तीला. वीट होती, तिचा कोंबडा झालाय. आता पुस्तकाला कान आहेत आणि मलाही आहेत. वाचन मात्र थांबवलेलं नाही, मामी ऐकत नाही. म्हणते, सिस्टरचा आवाज आत्ता कुठं बसायला लागलाय.

माळ्यावरचा पाना कुणीतरी खाली काढून दाराशी ठेवलाय. उचलायचा तर तोच हाताला येतो.

परीक्षेच्या आधीचं हे शेवटचं पत्र. आता परीक्षा देऊनच लिहीन.

मामा


१४ मे

चि. टकळे,

आशीर्वाद. परीक्षा झाली. काय झालं ते सांगतो, पण आधी तू बस.

मोठा हॉल. बरेचसे उमेदवार माझ्या निम्म्या वयाचे. दारात एक किडकिडीत साहेब सगळ्यांची पुस्तकं तपासत होते. माझा कोंबडा बघून म्हणाले, "वा, काका, तयारी जोरात दिसतेय." मी खुललो. तेवढ्यात त्यांनी एक पट्टी चिमटीत धरली आणि ओढली. निघाली. दुसरी ओढली. निघाली. म्हणाले, "ओढल्यावर निघतं ते सुटं. सुटा कागद आत नेता येत नाही."

टकळे, तुमच्या ग्रंथालयाच्या पट्ट्या पानाला इजा न करता निघाव्यात अशाच केलेल्या असतात, हे तेव्हा कळलं. साहेबांनी माझ्यासमोर पुस्तकाचे सगळे कान उपटले. शाळेत माझे उपटले होते तेव्हा इतकं लागलं नव्हतं. समासातलं लिखाण आणि मागची यादी त्यांनी उलटून बघितली, "इथं शिंक" पाशी थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि "हे चालेल" म्हणाले.

जागेवर बसलो. पुस्तक समोर मिटलेलं, गुळगुळीत, जसं दुकानातून आणलं होतं तसं. पहिला प्रश्न वाचला, एक शब्द, थांबा, दुसरा शब्द. टाकीतून जादा पाणी वाहून जाण्याच्या नलिकेबद्दल होता. मला हॉस्पिटल दिसलं. कुणीतरी अनोळखी माणूस माझ्या पान्यापेक्षा चकचकीत पाना घेऊन चौथ्या मजल्याचा जिना चढतोय असं दिसलं.

आणि मग दुधाचा वास आला. खरंच आला की मनात आला, सांगता येत नाही. पुस्तक कडेनं बघितलं तर मधल्या काही पानांची कड पिवळट आणि फुगलेली. तिथं बोट घातलं. टाकीचं प्रकरण! साहेबांनी सगळे कान उपटले, पण दूध कसं उपटणार?

त्यानंतर मी प्रत्येक प्रश्न वाचून, डोळे मिटून मनात ऐकायला लागलो. जोडू नये, नेऊ नये, असं काही आलं की आईच्या आवाजात पुढचं वाक्य आपोआप यायचं आणि ते कुठल्या प्रकरणात ऐकलं तेही यायचं. संवातनाचा प्रश्न आला तेव्हा मी जवळजवळ शिंकलोच. पान लगेच सापडलं. शब्द अडला की मागची यादी. मापांच्या वेळी मी पाढ्यांच्या चालीत डोलत असणार, कारण साहेब जवळ येऊन हळूच म्हणाले, "काका, ओठ हलतायत. बंद ठेवा." मी म्हटलं, "साहेब, हे सुटे नाहीत. ओढून बघा." ते गालात हसले आणि पुढं गेले.

सगळे प्रश्न झाले नाहीत. शेवटचे काही राहिले. जे लिहिलं ते बरोबर वाटतंय, पण वाटण्याला प्रमाणपत्र मिळत नाही. निकाल जूनमध्ये. तोपर्यंत हॉस्पिटलात जातो, आणि प्रत्येक नळ जरा जास्तच घट्ट बंद करतो.

तुझा,
मामा


२१ मे

प्रिय मामा,

मी काय लिहू? आधी कान म्हणजे काय ते नीट सांगितलं नाही, मग पाठवले तेही उपटले जाणारे. दोन्ही वेळा घात मीच केला. ग्रंथालयात आता कुणी कान मागितले तर मला तोंड लपवावंसं वाटतं.

आई म्हणते, "रडू नकोस, तो पास झालाय." कसं कळलं विचारलं तर म्हणते, "लहानपणी त्याला गोष्ट एकदा ऐकवली की तो मला परत ऐकवायचा. चुकले तर थांबवायचा." हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस.

निकाल लागल्या लागल्या कळव. चांगला असो, नसो.

तुझी,
कान धरून उभी असलेली टकळी


१६ जून

चि. टकळीस,

मामीचे खूप खूप आशीर्वाद. ताईंचा गुडघा, छोटीचा दात, जावईबापूंचा घसा आणि तुझे डोळे, सगळं जागच्या जागी असेल असं धरून चालते, कारण मला घाई झाली आहे.

पास झाले!

काठावर नाही, चांगले पास झाले. पत्र ह्यांनीच लिहायचं, पण हे हॉस्पिटलात गेलेत. चौथ्या मजल्यावर कुठलासा नळ ठिबकतोय म्हणे. मला तर वाटतं, ठिबकत नसेलही. मोठा पाना खांद्यावर टाकून गेले, पोरगा शाळेच्या पहिल्या दिवशी दप्तर मिरवतो तसा.

प्रमाणपत्र दाखवायला गेले त्या दिवशी बाईंनी परत खुर्ची दिली, चहा दिला. ह्या वेळी उतरला, वर दुसरा कप मागून घेतला. मग बाई म्हणाल्या, "पण काका, तुम्ही आजारी पडलात किंवा कुठं गेलात तर सही कोण करणार?" हे पटकन बोलून गेले, "माझी बायको. अख्खं पुस्तक तिनंच तर मला ऐकवलंय." बाई म्हणाल्या, "मग त्यांनाही बसवा की परीक्षेला!"

हे घरी येऊन मला गंमत म्हणून सांगत होते. मी गंमत म्हणून ऐकली नाही. इतकी वर्षं दुकानात कुठल्या तोटीला कुठला वॉशर बसतो ते मीच गिऱ्हाइकाला सांगते. अर्ज भरला. पुढच्या खेपेला बसतेय.

वाचायचं काम आता ह्यांच्याकडे. मी म्हटलं, मी माझं डोळ्यांनी वाचेन, मला येतं. तर म्हणाले, "तू मला ऐकवलंस, आता तुझी पाळी." आता मी स्टुलावर भाजी निवडते आणि हे ओट्याशी उभे राहून वाचतात. अजून पाटीसारखंच, एक शब्द, थांबा, दुसरा शब्द. पण थांबे आता कमी झालेत. मनाईला आईंचा आवाज काढायला जातात आणि स्वतःच दचकतात. काल संवातनाचं प्रकरण आलं. मला सर्दी नव्हती, शिंक आली नाही. हे वाचता वाचता थांबले. वर बघून वाट पाहत राहिले. मी म्हटलं, "वाचा की पुढं." तर समासावर बोट ठेवून म्हणाले, "इथं शिंक लिहिलंय. ती झाल्याशिवाय पुढं कसं जाणार?"

शेवटी खोटी शिंकले. तेव्हा कुठं पान उलटलं.

पट्ट्या पाठवू नकोस. दोघांचे मिळून चार कान आहेत घरात, आणि ते ओढून निघत नाहीत. तू मनाला काही लावून घेऊ नकोस. तुझ्या त्या एका शब्दानं आमची संध्याकाळ परत आणून दिली, ही गोष्ट हे तुला कधी लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

पत्र मात्र लगेच पाठव. तेही हेच मला वाचून दाखवणार आहेत, तेव्हा अक्षर जरा मोठं काढ.

तुझी,
मामी